भांडायला आमच्याकडे या

प्रिय ओर्तेन्सियाताई,

आई गेली त्या वर्षी तू म्हणाली होतीस, "एलियाना, तुझ्याकडे पाहुणा येईल, पण टिकणार नाही, तू फार बोलतेस." तुझे गुडघे कसे आहेत? तुमच्या पुन्ता अरेनासचा वारा अजून माणसं उडवतो का? इकडे ताल्कावानोत मी बरी आहे. खोकला आहे, पण सोबतीला तेवढाच.

गेल्या महिन्यात आमच्या संस्थेचं उद्घाटन झालं. (तू फोटो मागितला नाहीस, तरी पाठवते. कोपऱ्यातलं अर्धं डोकं माझं.) नगराध्यक्ष भाषणात म्हणाले, बिथरलेल्या मुलांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी ही संस्था मोठ्या दूरदृष्टीतून उभी राहिली. दूरदृष्टी कसली, सहा वर्षांपूर्वी शेजारची यास्ना, तेव्हा पंधरा वर्षांची, घर सोडून निघाली आणि बसचा संप म्हणून माझ्या स्वयंपाकघरापर्यंतच पोहोचली. संध्याकाळच्या चहाची वेळ, मी पाव पुढे केला. मागोमाग तिचे वडील रिगोबेर्तो आले. बंदरावर क्रेन चालवतात, आवाजही क्रेनएवढाच. पण चहाच्या वेळी दारात आलेल्याला आपण बसवल्याशिवाय सोडतो का? आणि दुसऱ्याच्या टेबलाशी बसून ओरडता येत नाही. मी त्यांच्यापुढे अ‍ॅव्होकाडो ठेवला, कुस्करायला.

"हिला विचारा, शाळेत का जात नाही," ते काट्याने कुस्करत पुटपुटले.

"मावशी, बाबांना विचारा, घरी कधी असतात. आणि सांगा, मीठ जास्त घालताहेत."

कित्येक महिन्यांत बापलेकीचं एवढं बोलणं झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दोघं पाव घेऊन पुन्हा हजर. हळूहळू आमच्या टेकडीवरची सगळी भांडणं माझ्याकडे येऊ लागली, प्रत्येक भांडण आपापला पाव घेऊन (रिकाम्या हाताने भांडायला जाणं बरं दिसत नाही). उरलेल्या पावांचं पुडिंग करून माझे हात भरून यायचे. मग नगरपालिकेला पत्ता लागला. त्यांनी इमारत दिली, मानसशास्त्रज्ञ बाई दिल्या. तिथे खुर्च्या गोलात मांडतात आणि खायला बंदी. मी सगळ्यांना सांगितलं, तिथे मुलं तोंड उघडायची नाहीत. ताई, उघडतात. बाई खरंच चांगल्या आहेत. यास्ना आता तिथेच काम करते. परवा रस्त्यात भेटली, घाईत होती.

मी संध्याकाळी एकच पाव आणते. तोही उरतो.

तुझी,
एलियाना

ता. क. पुडिंगची कृती तू विचारली नाहीस, म्हणून लिहीत नाही.

ता. क. आणखी एक. या हिवाळ्यात माझ्याकडे राहायला ये. तुझं उत्तर मला पाठ आहे : गुडघे, बोटीचा प्रवास, मांजर. तर मग निदान भांडायला ये. आईचं शिवणयंत्र माझ्याकडेच आहे, आणि ते मी तुला मुळीच देणार नाही.