लिनाबाईंची मटकी

म्युनिक, ४ नोव्हेंबर २००६, शनिवार

"आमच्या घरात मसूर शिजत नाही." लग्न होऊन पुण्याला आले त्या पहिल्याच आठवड्यात आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, सांगितलेलं वाक्य. रागाने नाही. नळाला पाणी किती वाजता येतं ते सांगावं तसं. मी कराडची. आमच्याकडे अख्खा मसूर, भाकरी आणि बुक्कीने फोडलेला कांदा म्हणजे पाहुणचार. का शिजत नाही, मी विचारलं नाही. तेव्हापासून शिजवलाही नाही. इथे आलो, घर माझं झालं, स्वयंपाकघर माझं झालं, तरी नाही. सवयच गेली.

आज ते वाक्य आठवलं, कारण दुपारी आईंना आणायला खालच्या मजल्यावरच्या इटालियन शेजारणीकडे, लिनाकडे गेले, तर त्या पावाच्या तुकड्याने वाडगा पुसून खात होत्या. वाडगा रिकामा! एप्रिलमध्ये बाबा, माझे सासरे, गेले, जूनमध्ये शि. आपल्या आईला इकडे घेऊन आला, तेव्हापासून त्यांचं रिकामं ताट मी पाहिलेलं नाही. दोन घास वरणभात, की हात धुवायला उठतात. वजन आणखी उतरलं तर हॉस्पिटलमध्ये ठेवून सलाइन लावावं लागेल, असं डॉक्टरांनी मागच्याच आठवड्यात बजावलंय. आणि इथे हा पुसलेला वाडगा.

मी दारातच उभी राहिले. डोळे भरून आले, म्हणून कोट काढत बसले.

आई म्हणाल्या, "अगं मीनल, ही बाई मटकी काय सुंदर करते. आणि वर शिंगाडे घालते. हिला विचारून घे, मटकी कुठून आणते."

पातेल्यात बघितलं. शिंगाडे म्हणजे चेस्टनट. आणि मटकी म्हणजे बारीक, तपकिरी, डोंगराळ भागातला इटालियन मसूर. आईंनी जन्मात कधी अख्खा मसूर हातात घेतलेला नाही, त्यांना मटकीच वाटणार.

विचारते, म्हणाले.

५ नोव्हें.

शि.ला सांगितलं. तो आधी खूप हसला. मग एकदम गंभीर. "हे बघ, तू काही बोलू नकोस. खातेय ना ती? खाऊ दे."

मी म्हटलं, पण त्यांना माहीत नाही. तर म्हणे, मसूर काय आणि मटकी काय, प्रोटीनच ना. सॉफ्टवेअरवाल्याशी लग्न केल्याचे परिणाम.

त्याची भीती मला कळते. वडील गेल्याचं त्याला इथे फोनवर कळलं. आई डोळ्यांसमोर वाळताना बघवत नाही. गप्प बसले. सध्यापुरती.

८ नोव्हें.

लिना महिनाअखेर जाणार. इटलीत पेस्काराला, मुलीकडे, निदान वसंतापर्यंत. गुडघे गेलेत, आणि जिने आणि बर्फ एकत्र जमत नाही म्हणते. मुलगी परत येऊ देईल की नाही, तेही माहीत नाही.

म्हणजे माझ्याकडे तीन आठवडे. शिकायचंच. आईंनी इथे येऊन एवढी एकच गोष्ट मनापासून खाल्ली आहे. ती मला आलीच पाहिजे.

लिनाला विचारलं. तिची जर्मन चाळीस वर्षांची आणि माझी अकरा, दोघींचीही मोडकी, म्हणून आमचं चांगलं जमतं. वही काढली तर म्हणाली, लिहायचं नाही, बघायचं. मग बघितलं. चेस्टनटच्या पाठीवर सुरीने चीर. उकळायचे. हाताला चटके बसत असतानाच सोलायचे, कारण गार झाले की आतली पातळ साल सुटत नाही. कांदा, गाजर, सेलरीचा दांडा, सगळं मसुराएवढं बारीक. ऑलिव्ह तेल, लसूण, तमालपत्र, रोझमेरीची एक काडी. मसूर. पाणी. अगदी मंद आच. 'लांगझाम', सावकाश, हा शब्द तिने इतक्यांदा उच्चारला की शेवटी आईही सोफ्यावरून म्हणायला लागल्या. शेवटी थोडे चेस्टनट चेचून परत आत, म्हणजे दाटपणा येतो.

सेलरी घालायला स्वतःच विसरली होती. मी आठवण केली तर म्हणाली, मी तुझी परीक्षा घेत होते.

दोघी दुपारी टीव्हीवरची जर्मन मालिका बघतात. आईंना ओ की ठो कळत नाही. त्या मराठीत पूर्ण गोष्ट सांगतात, लिना मान डोलावते. आज ऐकलं: "हा मेला तिला फसवणार बघा, लिनाबाई." लिना म्हणाली, "गेनाऊ." अगदी बरोबर म्हणे.

११ नोव्हें. शनिवार

घरी पहिला प्रयत्न. फसला. घाई केली आणि कुकर लावला. सवयीने तीन शिट्ट्या. मसूर पार विरघळला. घाबरून वर मोहरी-हिंगाची फोडणी दिली. हात आपोआप गेला.

आईंनी एक चमचा घेतला. "हे वरण आहे." चमचा ठेवला. "आणि वरण मला नकोय, हे तुला माहितीये."

लेकीने, जुईने, दोन वाडगे खाल्ले. "श्मेक्ट डोख," छान तर लागतंय. आजी म्हणाली, मराठीत सांग. जुईने तेच जर्मन वाक्य जरा मोठ्याने सांगितलं.

आज कुकर वरच्या फळीवर टाकला. लिना जाईपर्यंत काढणार नाही.

१४ नोव्हें.

एक पळवाट सुचली. खरी मटकीच आणली तर? खोटं बोलणं नको, काही नको. स्टेशनजवळच्या भारतीय दुकानातून आणली. रात्री भिजत घातली. बाकी सगळं लिनासारखं. सावकाश. वासही बरा होता.

आई बराच वेळ चावत राहिल्या. "ही मटकी वेगळीय. लिनाबाईंची गोड असते." मग जरा सांभाळून घेत, "तुझीही वाईट नाही. पण हाताचा फरक."

हाताचा फरक! जेवणं झाल्यावर भांडी घासताना एकटीच हसत होते. हसता हसता थोडी रडले पण. बावीस वर्षं त्या माझ्या हातचं जेवल्या, कधी सुट्टीत, कधी सणाला, आणि माझा हात हरला तो मटकीमुळे.

पळवाट बंद. मसूरच करायचा.

१६ नोव्हें.

डॉक्टरांकडे. वजन थोडं वाढलंय. डॉक्टर खूश, असंच चालू ठेवा म्हणाले. शि.ने वेटिंग रूममध्ये माझा हात दाबला. म्हणजे: बघ, गप्प राहिलीस ते बरं झालं.

परतताना एस-बाहनमध्ये, इथल्या लोकलमध्ये, आई खिडकीतून बाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "हे असते तर म्हणाले असते, जर्मनीत जाऊन बाळसं धरलंस." बाबांचा उल्लेख त्यांनी आपणहून केला. पहिल्यांदा.

मला त्यांच्याकडे बघवेना. इतकं मोकळं बोलत होत्या माझ्याशी, आणि मी...

१८ नोव्हें.

लिनाला सांगून टाकलं. कशाचा तरी भार कमी होईल म्हणून. झाला नाही.

ती चेस्टनट सोलायची थांबली. म्हणाली, पहिल्या दिवशी तुझ्या सासूने भांड्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या दंडाला चिमटा काढला आणि मान हलवली. मांस आहे का, असं विचारत होती. मी नाही म्हणाले. दोनदा विचारलं तिने. मग माझ्याकडे टक लावून बघितलं आणि जेवायला बसली. "ती माझ्या शब्दावर जेवते. तिला आणखी काही चालत नाही, हे तू मला तेव्हाच सांगायला हवं होतंस."

म्हटलं, सांगितलं तर खायची थांबेल.

"मग थांबेल. तोंड तिचं आहे."

तिच्या गावी ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात तिची आई अंडंसुद्धा घरात ठेवायची नाही. कोणी चोरून केकमध्ये घातलं असतं तर? लिना म्हणाली, मारलं असतं. आणि मग माझ्या हातात सुरी देऊन म्हणाली, सोल, गार होतायत.

सांगायचं. पण आधी सूप जमलं पाहिजे. सांगेन तेव्हा ते माझ्या हातचं, नीट झालेलं, समोर असायला हवं. दुसऱ्याच्या वाडग्यामागे लपून नाही.

२० नोव्हें. सोमवार

जमलं. सुट्टी काढली होती. सकाळपासून जाड बुडाच्या पातेल्यात, आच इतकी मंद की दोनदा विझली. मसूर अख्खा राहिला आणि तरी मऊ. चेस्टनट जिभेवर फुटतात. वासाने आई खोलीतून आपणहून बाहेर आल्या आणि टेबलाशी बसल्या. मी वाढलं नाही. वाडगे ओट्यावरच ठेवले आणि समोर बसले.

म्हटलं, आई, ही मटकी नाही. मसूर आहे. लिनाकडेही मसूरच होता. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

त्यांनी टेबलावरचा पाण्याचा थेंब बोटाने पुसला. मग, "शिरूला माहितीये?"

हो म्हटलं.

"जुईला?"

जुईलाही. घरात बोललो तेव्हा ती होती.

"म्हणजे मी काय खातेय ते लिनाबाईंना माहीत, तुम्हा तिघांना माहीत. एवढ्या घरात फक्त मला माहीत नाही." आवाज अजिबात चढला नाही. "हे गेल्याचंसुद्धा मला असंच सगळ्यांत शेवटी सांगितलं होतंत. झेपणार नाही म्हणून."

उठल्या. खोलीत गेल्या. दार लोटलं, कडी लावली नाही.

मी मसुराबद्दल ऐकायची तयारी केली होती. सोवळं, कुळाचार, उत्तरं पाठ होती माझी. ओट्यावरचे वाडगे परत पातेल्यात ओतले.

२१ नोव्हें.

शि. माझ्याशी बोलत नाही. म्हणजे, दूध संपलंय, एवढं बोलतो.

आईंनी सकाळी दूध, दुपारी दोन घास मऊ भात. खाली गेल्या नाहीत. संध्याकाळी लिनाच कठड्याला धरून वर आली, बरोबर तिची विणकामाची पिशवी. आईंनी तिच्यासाठी चहा केला, आलं ठेचून. ती माझ्यावर रागावलेली नाही, आईंवर नाही, जिन्यावर मात्र फार रागावली होती. दोघींनी मालिका बघितली. मध्येच आईंनी तिच्या गुडघ्यावर शाल घातली.

लिनाला त्यांनी माफ केलंय, हे दिसलं. त्यांनी दोनदा विचारल्यावर तिने दोनदा खरं सांगितलं होतं.

२५ नोव्हें.

पुन्हा दूध-भात. गालांची हाडं परत दिसायला लागली. डॉक्टरांची तारीख ४ डिसेंबर.

शि. आज फुटला. "तुला खरं बोलायचं होतं, तू बोललीस. तुला हलकं वाटलं. तिचं काय?" त्याचं चुकत नाही. माझंही चुकलं असं वाटत नाही. चुकलं ते पहिल्या दिवशी. आणि ते दोघांचं, असं म्हटलं. तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. मग आत येऊन म्हणाला, बाबांचं पण मीच म्हणालो होतो, तिला रात्री सांगू नका.

मग त्याने आईंच्या दारावर टकटक केली. आत काय बोलले माहीत नाही. बाहेर आला तेव्हा नाक लाल. आईंनी जेवताना त्याच्या पानात तूप वाढलं. मला अजून फक्त "हो" आणि "नको".

२६ नोव्हें. रविवार

मी सूप केलं. माझ्यासाठी. लपवून नाही, वास कोंडून नाही. आईंना त्यांचा भात वाढला आणि त्यांच्या समोर बसून मसूर खाल्ला. बावीस वर्षांनी माझ्या घरात, माझ्या टेबलावर. पहिल्या घासाला माहेरच्या ओसरीवर जाऊन आले. वाटलं, उठून जातील. नाही उठल्या.

"चांगला झालाय?" वाडग्याकडे बघत.

झालाय, म्हटलं.

"रंगावरून कळतंय." आणि मग, "तुला आवडायचा, हे कधी बोलली नाहीस."

तुम्ही सांगितलं होतंत, शिजत नाही म्हणून.

"मी शिजत नाही म्हटलं होतं. तोंड शिवून घे म्हटलं नव्हतं." यात चेष्टा होती की टोमणा, ठरवता आलं नाही. पण एका दमात एवढं मोठं वाक्य मिळालं.

३० नोव्हें.

लिना गेली. टॅक्सीपर्यंत आई खाली उतरल्या, कोटावर शाल. लिना इटालियनमध्ये रडली, आई मराठीत. तिने मला उरलेल्या मसुराची पुरचुंडी दिली आणि कानात म्हणाली, मागे लागू नकोस. फक्त करत राहा.

दुपारी मालिका लागली. आईंनी टीव्ही लावला, आवाज बंद ठेवला. मी जाऊन बसले. त्यांनी सांगायला सुरुवात केली, कोण कोणाला फसवतंय ते. मी लिनाच्या जागी "गेनाऊ" म्हटलं. वळून बघितलं त्यांनी. हसल्या नाहीत, पण पुढची गोष्ट सांगितली.

३ डिसें. रविवार

उद्या डॉक्टर. काल आईंना घरच्या काट्यावर उभं केलं. आकडा बघून शि.ने काटा पायाने कपाटाखाली सारला.

सकाळपासून पातेलं चढवलंय. चेस्टनट उकळून काढले तेव्हा आई आल्या, खुर्ची ओढली, ताट पुढे घेतलं. मी बघत राहिले तर म्हणाल्या, "सोलायला काय झालं? हे काही मसूर नव्हेत." माझ्यापेक्षा भराभर सोलले, चटक्यांची पर्वा नाही. एक फुटला, तो तोंडात टाकला. मग आणखी एक, तोही फुटला म्हणून. तो फुटलेला नव्हता, मी बघत होते.

आता त्या बाहेर सोफ्यावर आहेत. चेचलेले चेस्टनट घालून झाले. फक्त मीठ राहिलंय.

आईंनी आयुष्यात शिजत्या भांड्यातलं चाखून पाहिलेलं नाही. आधी देवाला, मग माणसांना, मग स्वतःला. मिठाचा अंदाज नजरेने. त्यात हा मसूर. त्यात मी. नाही म्हणण्यासारखी इतकी कारणं आहेत की त्यांना निवडावंही लागणार नाही.

तरी पळीभर वाटीत काढून निवायला ठेवलंय. या वेळी त्यात काय काय आहे, ते सगळं आधी सांगणार, तमालपत्रापर्यंत. मग विचारणार: आई, एवढं मीठ बघता का?

नाही म्हणतील. वाटी घेऊन जाते.