पानावरचा पेला

अहो दिलीपचे बाबा,

आज तुमचं पित्तर. पानावर खीर आहे, वडे आहेत, पेला नाही. कावळा रुसून बसण्याआधी कारण कळावं, म्हणून सून रेखाला लिहायला बसवलंय. वाईट शब्द गाळायचा नाही, असं तिला बजावलंय.

तो धोटा आठवतो का, मागावर सूत घेऊन पळणारा? उधन्याला राहत होतो त्या खोलीत तुम्ही लूमवरून पिऊन आलात, भाजीत मीठ कमी म्हणालात आणि पिशवीतला धोटा काढून माझ्या बरगडीखाली हाणलात. लोखंडी टोकाचा. मी पडले तर वरून लाथा. लघवी लाल झाली तेव्हा म्हणालात, बीट खाल्लं असशील! कधी आणलं होतं हो बीट घरात?

मीही काही देवी नव्हते. लाटण्याने तुमची भुवई फोडली होती. ती खूण घेऊनच गेलात ना वर?

त्या बाजूचं मूत्रपिंड तेव्हाच कामातून गेलं. पण मेलेलं गप्प बसेना, तुमच्यासारखंच. रक्तदाब असा चढवायचं की डोक्यातली नस फुटायची भीती. कापून काढावं तर माझं हृदय थकलेलं. इथल्या गुजराती डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जांघेतून बारीक नळी घालू, मूत्रपिंडाच्या रक्तवाहिनीत दारू सोडू. वाहिनी बंद पडेल, रक्ताविना ते जागीच वाळेल.

पाणी घालून का, मी विचारलं. नाही बा, निव्वळ, म्हणाल्या. म्हणजे तुमच्याच पद्धतीची!

मी अंगठा देईना. जिच्यापायी जन्मभर मार खाल्ला, ती अंगात घेऊ? मेले तरी चालेल म्हटलं. दिलीप रडला, तरी हलले नाही. मग रेखा म्हणाली, "आई, बाबांचं मारायचं राहिलं होतं, ते तुम्ही पुरं करताय."

दिला अंगठा.

ती दारू आत शिरली आणि बरगडीखाली पुन्हा धोटा बसला. तसाच! तुम्हाला खानदेशातल्या सगळ्या शिव्या घातल्या. डॉक्टरीणबाईंना एकही कळली नाही, तरी हसल्या. आता रक्तदाब उतरलाय.

आज दिलीपने दरवर्षीसारखी लपवून बाटली आणली. दारूबंदीच्या राज्यात याला बरी मिळते! मी मोरीत ओतली. तुमच्या वाटची यंदा मी घेतली.

शब्द देते, हात चालतील तोवर पान वाढीन. खीर गोड असेल, वडे गरम असतील. पेला येणार नाही. आणि भाजीत मीठ कमी लागलं, तर गुमान खा.

तुमची,
सरूबाई
(अक्षर रेखाचं, अंगठा माझा)