तळ्याच्या कामावरचा भाऊ

१२ फेब्रुवारी १९६४, मोताळा
साहेब तणतणत गेले. "माती वाहायचं काम निम्मंच का? आठ दिवसांत सुधारलं नाही तर टोळी बंद, आणि आगटे, तुम्हीही घरी!"
पुण्यात दोन वर्षं सामाजिक मानवशास्त्र शिकलो. इथं तळ्याच्या खोदकामावर हजेरी घेतोय!

१३ फेब्रुवारी
दिवसभर नुसता रांगेकडे पाहत बसलो. सापडलं! आशाबाईच्या पुढे रंगराव उभा — तिच्या नवऱ्याचा थोरला भाऊ. भासऱ्याच्या हातात टोपली कशी द्यायची? ती खाली ठेवते, पदर ओढते, बाजूला होते. मग तो उचलतो. दर टोपलीला हा सोहळा! अशा सहा जोड्या. आणि लावल्या कुणी? मीच, हजेरीच्या क्रमाने. धन्य माझी!

१४ फेब्रुवारी
कोण कुणाचं कोण ते विचारून रांग बदलली. टोपल्या नुसत्या उडत होत्या!
रंगरावला म्हटलं, आधी सांगायचं ना! "तुमी शिकेल माणूस. आमाले वाटलं, मुद्दाम करून राह्यले."

२० फेब्रुवारी
डोकं एकदा चालायला लागलं की थांबत नाही. बायांची पुढारी मनकर्णाबाई माझ्याशी तुटक बोलते. म्हटलं, "साहेब नका म्हणू, भाऊ म्हणा."
ती बघतच राहिली. "पक्कं?"
"पक्कं!"
आता टोळीतल्या अकराही जणी भाऊ म्हणतात. भावाच्या शब्दाखातर दुपारची विश्रांतीही आटोपती घेतात. मी महाबिलंदर आहे.

२ मार्च
साहेब खूश. पाठ थोपटली!

९ मार्च
माती संपत आली. साहेबांचा हुकूम — बाया कमी करा, अकराही. मी मुकाट्यानं सही केली. वाईट वाटलं, पण केली.
मनकर्णाबाई भांडली नाही. एवढंच विचारलं, "भाऊ, तुही खोली कोठी हाय रे?"
सांगितली.

१० मार्च
सकाळी दार उघडलं. ओट्यावर अकरा जणी, अकरा गाठोडी!
"हे काय?"
"काम गेलं. सासरी चूल पेटत नाही, तवा बाई कोठी जाते रे भाऊ? माहेरीच ना?"
आशाबाई आत शिरून पिठाचा डबा हुडकतेय. मला हसू आलं नाही. लाज वाटली.
यांना कामावर परत घ्या म्हणायला साहेबांकडे निघालोय. नोकरी राहते की जाते, ठाऊक नाही. बहिणी जेवायला थांबल्यात.