धाकट्याचा चेहरा परत करण्याबाबत

मी, खाली सही करणारा, धंद्याने चष्मेवाला, वय पंच्याहत्तरीच्या आसपास, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. ते डोळ्यांचे डॉक्टर आहेत, डोक्याचे नाहीत, पण अर्धं आयुष्य मला ओळखतात. ज्याला शंका घ्यायची त्याने खुशाल घ्यावी. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. धाकट्याला तर मी हे लिहितोय याचा पत्ताही नाही. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी स्वतःला ‘वीरपुत्राचा पिता’ असं लिहिलं होतं. आता ते माझ्याच्याने वाचवत नाही.

१. राहतं घर, वरच्या खोलीसकट, धाकटा मुलगा आणि त्याची बायको, म्हणजे आमच्या सूनबाई, यांना निम्मं निम्मं. सूनबाईचा हिस्सा तिच्या स्वतःच्या नावावर चढवावा. या घरात तोंडावर खरं बोलणारी ती एकटीच आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

२. दुकान, भिंगं घासायचं मशीन, नंबर तपासायची पेटी, अक्षरांचा तक्ता आणि माझे बारीक स्क्रू-ड्रायव्हर धाकट्याला. शेजारच्या औषधवाल्याने आपली पाटी आमच्या पाटीवर हातभर पुढे आणली आहे. मी त्याला माफ केलेलं नाही. धाकट्याला मिटवायचं तर मिटवावं, त्याचा स्वभाव माझ्यापेक्षा बरा आहे.

३. माझ्या मेव्हण्याला काहीही देऊ नये. थोरला गेला तेव्हा भरल्या घरात, धाकट्यासमोर, ते म्हणाले होते की हिरा गेला आणि गारगोटी राहिली. मी त्यांना तेव्हाच दार दाखवायला हवं होतं. मी त्यांना चहा दिला. त्यांचा चष्मा दुरुस्तीला पडून आहे, तो तसाच परत करावा.

४. आता थोरल्याबद्दल. तो सैन्यात कॅप्टन होता आणि सव्विसाव्या वर्षी गेला. डोंगरातल्या रस्त्यावर त्याच्या जवानांचा ट्रक दरीच्या बाजूला घसरून अडकला. त्याने दोघांना बाहेर ओढलं, तिसऱ्यासाठी आत शिरला आणि ट्रक खाली गेला. भाषणांत लोक बंदुका घालतात. मी कोणाला कधी दुरुस्त केलं नाही. बंदुका ऐकायला बऱ्या वाटायच्या.

चौकात त्याचा अर्धपुतळा बसवायचं ठरलं. मूर्तिकाराला बाजूने काढलेले फोटो हवे होते, आमच्याकडे होते ते समोरून, टोपी घातलेले. तो म्हणाला, घरात सारख्या ठेवणीचं कोणी असेल तर बसवा, हाडांचा अंदाज येईल. मी धाकट्याला बसवलं आणि त्याचा जाड भिंगांचा चष्मा काढायला लावला. मला काहीच दिसणार नाही, असं तो म्हणाला. तुला कुठे काय बघायचंय, असं मी म्हणालो.

मातीचं काम झाल्यावर मूर्तिकाराने मला बोलावलं. नीट बघा, अजून बदलता येईल, असं पुन्हा पुन्हा म्हणाला. मी बघितलंच नाही. माझी हिंमतच झाली नाही. त्याच्या मातीने माखलेल्या चपलांकडे बघत मी ‘हुबेहूब’ म्हणालो. लोकांचे नाक-कान बघून फ्रेम काढून देण्यात माझा जन्म गेला आहे.

चौकात सगळ्यांसमोर पुतळ्यावरचं कापड ओढलं तेव्हा मी पहिल्यांदा बघितलं. वर थोरल्याची टोपी आणि खाली धाकटा. शेजारी बसलेली माझी पत्नी माझ्या कानाशी म्हणाली, “अहो, हा धाकटा आहे. माझा थोरला कुठे गेला?”

मी तिचा हात दाबला. “गप्प बस. लोक बघतायत.”

ती गप्प बसली. मरेपर्यंत त्या चौकातून गेली नाही. बाजारात जायचं तरी पोस्टाला वळसा घालून जायची. आणि मी दारात उभा राहून विचारायचो, एवढा उशीर का झाला. तिची माफी मागायची राहिली. इथे मागतो, पण इथे मागून काय उपयोग, हे मलाही कळतं.

५. बँकेतली ठेव धाकट्याला, एका अटीवर: त्यातून आधी त्याने डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्यावं. चष्मा घालवायची त्याची किती वर्षांची इच्छा आहे. डॉक्टर तयार होते, मीच मोडता घातला. चष्मेवाल्याचा पोरगाच चष्म्याशिवाय बसला तर गिऱ्हाइकाने काय समजायचं, असं म्हणून मी सगळ्यांना हसवलं आणि विषय संपवला. खरं कारण वेगळं होतं. चष्मा गेला असता तर पुतळ्यावर कोणाचं तोंड आहे ते चौकातल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं, आणि माझी अब्रू गेली असती. माझ्या अब्रूसाठी मी त्याला जाड काचांमागे ठेवला.

गल्लीत त्याला ‘पुतळ्याचा भाऊ’ म्हणतात. दुकान जरा उशिरा उघडलं की कोणीतरी म्हणतंच, भावाच्या तोंडाकडे बघून तरी लाज धर. एकदा तो माझ्यादेखत शांतपणे म्हणाला, “बघतो की. रोज दाढी करताना बघतो.” लोकांना काही कळलं नाही. मी पडलेला स्क्रू शोधायला काउंटरखाली वाकलो. स्क्रू पडलाच नव्हता.

म्हणजे त्याला ठाऊक आहे. तरी दर वर्षी थोरल्याच्या स्मृतिदिनाला मी त्याच्या हातात फुलं दिली, आणि त्याने ती स्वतःच्याच तोंडापुढे ठेवली. कधी बोभाटा केला नाही. बापाची मान खाली जाऊ नये म्हणून. बापाला मात्र त्याची कीव आली नाही.

६. थोरल्याच्या ट्रंकेतून परत आलेला गॉगल दुकानाच्या काचेच्या कपाटात ठेवावा. तो मीच करून दिला होता. त्याचा डावा कान उजव्यापेक्षा खाली होता, म्हणून डावी काडी खाली वाकवली आहे. ती कोणी सरळ करायला घेतली तर त्याचा हात धरावा. तो खरा जसा होता, तसा आता तेवढ्या काडीतच उरला आहे.

बाकीचं इथे लिहितो. नाक मधेच किंचित बसकं, लहानपणी सायकलवरून पडल्यामुळे. सायकल धाकटा चालवत होता आणि दोघांनीही ते मला सांगितलं नव्हतं. हनुवटी आईची. हसताना आधी डोळे बारीक व्हायचे, मग तोंड उघडायचं. हे आठवायला मला फार कष्ट पडले, कारण हल्ली डोळे मिटले की पुतळाच समोर येतो.

७. दुकानाच्या माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळलेला एक प्लास्टरचा चेहरा आहे. पुतळ्याच्या कामातला, मूर्तिकाराने आठवण म्हणून दिलेला. तो धाकट्याला. खरं तर ही देणगी नाहीच. बाळा, तो तुझाच आहे, मी तुला न विचारता घेतला होता. ठेवायचा तर ठेव, फोडायचा तर फोड. ऑपरेशन झालं की चष्मा न लावता चौकातून जा. कोणी थांबवून विचारलं तर सांग, तो मी आहे, माझा भाऊ वेगळा दिसायचा. मग कसा दिसायचा तेही सांग. तुझ्याइतकं त्याला जवळून कोणी बघितलेलं नाही.

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला आणि दोन्ही साक्षीदारांना सहीपूर्वी पूर्ण वाचून दाखवला.

ठिकाण: दुकानाची मागची खोली.
तारीख: थोरल्याच्या वाढदिवसानंतरचा दिवस.

सही: चष्मेवाला, दोन मुलांचा बाप

साक्षीदार पहिले: डोळ्यांचे डॉक्टर.
साक्षीदार दुसरे: मूर्तिकार. (सही करण्याआधी यांनी एवढंच विचारलं की कान नेमका किती खाली होता. मी त्यांच्या हातात गॉगल दिला.)