दोन लाइनी आणि जान्हवीचं गाऱ्हाणं

मुलुंड पूर्व,
रविवार

तीर्थरूप पुतळाकाकीस,

नंदूचा साष्टांग नमस्कार. (उजवा पाय प्लास्टरात असल्यामुळे आठ अंगांतलं एक सध्या वजा धर, बाकीची सगळी तुझ्या पायाशी आहेत.) तुझे गुडघे काय म्हणतायत? ब्लडप्रेशरची गोळी रोज घेतेस की तुळशीच्या कट्ट्यावर ठेवून विसरतेस? गाय व्याली का? न्हाणीमागचा माड पडायला आलाय असं कळलं, तर तो बघायला स्वतः जाऊन उभी राहू नकोस, कुणाला तरी बोलाव. इथे आम्ही सगळे मजेत. आमच्या जान्हवीच्या लग्नाची खरेदी दादरला आणि त्यावरची भांडणं घरी, असं सगळं व्यवस्थित चालू आहे. फोनवरही बोलता आलं असतं, पण फोनवर तू अर्धा वेळ कोंबड्या हाकलतेस आणि मग "बरां, ठेव" म्हणून मोकळी होतेस. शिवाय गेल्या गुरुवारी देवासमोर जे झालं ते तुम्ही सगळ्यांनी तिथून पाहिलंत. इथे काय चाललं होतं ते कुणालाच माहीत नाही, आणि वाडीत भलतंसलतं पसरायच्या आत माझी बाजू तुझ्या कानावर घालायची आहे.

आमच्याकडे इंटरनेटची पहिली लाइन रतनची. रतन म्हणजे आमचा केबलवाला, बिल्डिंगच्या खालीच गाळ्यात बसतो. त्याची लाइन पाऊस पडला की जाते, ऊन पडलं की तापून जाते आणि यातलं काहीच नसलं तर रतन जेवायला गेला की जाते. म्हणून आमच्या विकीने (चिरंजीव घरून काम करतात, म्हणजे घरातलं एकही काम करत नाहीत) दुसऱ्या एका कंपनीची लाइन घेतली. ती कधीच जात नाही असं कंपनी म्हणते, आणि गेल्यावर फोन केला तरी हेच म्हणते. सुगंधा म्हणाली, आता रतनची काढून टाका. मी म्हटलं, मेलो तरी काढणार नाही. मी इंटरनेटच्या डब्याचा दिवा लाल का झाला ते बघायला स्टुलावर चढलो आणि खाली आलो, तेव्हा लिफ्ट बंद होती, आणि मला खुर्चीत घालून चार मजले खाली नेलं ते रतनने. अशा माणसाला कुठल्या तोंडाने सांगू, की तुझी लाइन नको? (लाल झालेला दिवा रतनच्याच लाइनचा होता हे सुगंधा दिवसातून एकदा तरी ऐकवते. ते सोड.)

तर दोन लाइनी झाल्या. पाय मोडल्यामुळे मी गावी येणं शक्य नव्हतं, आणि गाऱ्हाणं घातल्याशिवाय आपल्याकडे लग्नाची पहिली पत्रिका निघत नाही. तुझा तर जन्म गेला ते ऐकण्यात, पण विकीला मात्र मी सगळं पहिल्यापासून समजावलं: घरातल्या वडील पुरुषाने देवापुढे उभं राहून एकेक मागणं मोठ्याने मागायचं, मागच्यांनी प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं, आणि काका गेल्यापासून तो मान माझा आहे. विकी म्हणाला, मग बाबा, व्हिडिओ कॉलवरून घाला. त्याने एक नवा डबा आणला आणि दोन्ही लाइनी त्यात जोडल्या. मला वाटलं, झकास, आता दुप्पट वेग. तर म्हणे तसं नसतं. एक कॉल एकाच लाइनवरून जातो, दुसरी नुसती तयार बसते, पहिली मेली तर धावून येते. काकी, मला हे अजिबात पटलं नाही. लेकीच्या लग्नाचं काम आणि घरातली एक लाइन नुसती बसून राहणार?

गुरुवारी विकीला नेमकं ऑफिसात बोलावलं. मग मी माझी अक्कल चालवली. माझा फोन आणि सुगंधाचा फोन, दोन्ही स्टुलावर मांडले आणि दोन्हींवरून तुमच्याच कॉलमध्ये शिरलो. एक फोन एका लाइनने जाईल, दुसरा दुसऱ्या, आणि तिथे पोचल्यावर दोन्हींचा मिळून एक दणदणीत नंदू होईल, असा माझा हिशेब. सुगंधाचा फोन शिट्टी मारायला लागला म्हणून त्याचा नुसता स्पीकर बंद केला. शेजारी जान्हवी नवी साडी नेसून, हात जोडून बसली. पोरगी सकाळपासून जेवली नव्हती गं. तुला माहीतच आहे, होणाऱ्या विहीणबाई, सुलक्षणाबाई, शकुनाच्या किती कडक. पाल चुकचुकली म्हणून त्यांनी थोरल्या मुलाचं एक ठरलेलं स्थळ मोडलेलं. गाऱ्हाण्यात काही अडलं तर जान्हवीचं आणि त्यांच्या सुयोगचंही तेच होईल अशी मला भीती, आणि मायलेक दोघंही तर तुमच्याच ओटीवर येऊन बसलेले.

मी सुरू केलं, "बा देवा म्हाराजा". तिकडून "व्हय म्हाराजा" आलं, आणि जरा थांबून पुन्हा एकदा "व्हय म्हाराजा" आलं. मला काय वाटलं, वाडीला आज उत्साह आहे. मीही आवाज चढवला. तुमच्या ओटीवर सुयोगने लावलेल्या टीव्हीवर दोन नंदू दिसतायत, एक सरळ आणि एक आडवा, सरळ्याने मागितलेलं आडवा थोड्या वेळाने पुन्हा मागतोय, आणि देवाच्या कामात कुणाचा अपमान नको म्हणून तुम्ही बिचारे दोघांनाही उत्तर देताय, हे मला स्वप्नातसुद्धा कळलं नसतं. गुरांसाठी मागितलं, माडांसाठी मागितलं, माझ्या पायासाठी मागितलं आणि मग मुद्द्यावर आलो, आमच्या चेडवाचं, जान्हवीचं लगीन निर्विघ्न पार पाड. दोनदा "व्हय" आलं आणि पाठोपाठ सुलक्षणाबाईंचा आवाज आला, "एका चेडवाची दोन लग्नां मागतंत की काय हे?" आणि तेवढ्यात तुम्ही सगळे गायब झालात.

सगळेच. दोन्ही फोन काळे. विकीने दोन कंपन्या आणल्या, दोन वायरी आणल्या, एक गेली तर दुसरी धावेल म्हणाला, आणि ते सगळे डबे लावले हॉलमधल्या फ्रीजमागच्या एकाच प्लगवर. सुगंधाला घरच्या देवाच्या नैवेद्यासाठी नारळ वाटायचा होता. स्वयंपाकघरातला प्लग सैल आहे. तिने इकडचा काढला आणि मिक्सर लावला. (तीस वर्षांच्या संसारात मी तिच्यावर कधी ओरडलो नाही, त्या दिवशीही ओरडायला तोंड उघडलं, पण मिक्सरच्या आवाजात काही ऐकू गेलं नाही.) मोबाइलची रेंज आमच्याकडे फक्त गॅलरीत मिळते. मी तिथवर जाऊ शकत नाही, म्हणून जान्हवी धावली. फोन लावतेय, कुणी उचलत नाही. पुन्हा लावतेय. गॅलरीच्या दारातून तिचं तोंड दिसत होतं आणि मला वाटलं, वाट लागली, पोरीच्या लग्नाची माझ्या हाताने वाट लागली. काकी, त्यापुढे पाय मोडल्याचं दुखणं काहीच नव्हतं.

मग सुयोगचाच फोन आला. हसून हसून त्याला बोलता येईना. त्याच्याकडून कळलं की टीव्ही काळा झाल्यावर ओटीवर सगळे एकमेकांची तोंडं बघत राहिले, सुलक्षणाबाई निघायला उठल्या, आणि तू डोक्यावरचा पदर सारखा करून देवापुढे जाऊन उभी राहिलीस. म्हणालीस, बा देवा म्हाराजा, आमचो झील, नंदू, थंय अडाकलो आसा, तेचा बोलणा दोनदा इला, पण चेडू आमचा एकच, न्हवरो एकच आणि लगीनय एकच, तां तेवढा बरां करून दी. आणि सगळ्यात आधी "व्हय म्हाराजा" म्हणाल्या त्या सुलक्षणाबाई. जान्हवी गॅलरीतून हे ओरडून आम्हाला सांगत होती, निम्मं हसत आणि निम्मं रडत. खालून रतनने विचारलं, लाइन गेली का?

पत्रिका छापायला गेल्या. सगळ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. तब्येतीला जप.

तुझा,
नंदू

ता. क. सुगंधाने पत्र वाचलं. तिच्या म्हणण्याप्रमाणे नैवेद्याला ताजाच नारळ वाटलेला पाहिजे असा हट्ट माझा होता, आणि हे लिहिल्याशिवाय ती पाकिटाला डिंक देत नाही. लिहिलं.

दुसरा ता. क. खरं म्हणजे पत्र लिहिलं ते यासाठी. वरचं सगळं, हे लिहायचा धीर होईपर्यंत लिहीत बसलो. देवाला रोज दिवा लावतेस तू, त्याच्याशी रोज बोलतेस तू, आणि वर्षातून एकदा मुंबईहून येऊन खांद्यावर टॉवेल टाकून पुढे उभा राहतो मी. सुयोगने तुझे शब्द सांगितले तेव्हा मी रडलो. (सुगंधाला वाटलं पाय दुखतोय.) तर यापुढे आपल्या घरचं गाऱ्हाणं तू घालायचंस. लग्नाचं, गणपतीचं, सगळं. भावकीत कुणाला पटलं नाही तर त्याला माझ्याकडे पाठव, पाय मोडला असला तरी तोंड शाबूत आहे. नाही म्हणू नकोस. प्लास्टर निघालं की मी येतोय, सगळ्यांच्या मागे उभा राहून "व्हय म्हाराजा" म्हणायला.