उभा फोटो

६ नोव्हेंबर
मंडईच्या जत्रेत यंदा फोटोचा स्टॉल लावला नाही. पडद्यावरचा चंद्र आणि पुठ्ठ्याची मोटरसायकल माळ्यावरच. गेल्या वर्षी दिवसभरात दोन-तीन गिऱ्हाइकं, त्यातला एक तर सुटे मागायला आलेला. खिशात मोबाइल असल्यावर पैसे देऊन माझ्या चंद्रापुढे कोण बसेल?

दुकानात बसून एका बाईच्या लग्नाच्या फोटोत तिचा मेलेला बाप उभा करून दिला. आधारकार्डावरून. कॉम्प्युटरने त्याला सफारी घातली, वर हसवलं. बाई रडली, पाया पडायला लागली. मला लाज वाटली. फोटो मी काढलाच नव्हता.

शोभा मागच्या खुर्चीवर बसून बघत होती.

९ नोव्हेंबर
आज बोललीच. "हर्षलचा बनवून द्या. आताचा."

आताचा कसा? दुसरीत होता पोरगा. ताप आला, नागपूरला नेला, तिथून आम्ही दोघंच परत आलो. अल्बम तिथे थांबतो. पुढची पानं कोरी आहेत.

"त्या बाईच्या बापाले उभं केलं ना तुमी? मंग माह्या पोराले काहून नाई?"

नाही म्हणालो. न जेवता झोपली.

१३ नोव्हेंबर
शोभाने भाचीकडून मोबाइलवर बनवून घेतला. दाखवला. सिनेमातला कोणी तरी. गोरापान, गालाला खळी. आमच्या सात पिढ्यांत कोणाला खळी नाही. शोभा त्याच्याच गालावरून बोट फिरवत होती, आणि बोट लागलं की फोटो सरकत होता. सहन होईना.

"हा आपला नाही, शोभा."

"मंग आपला करून द्या."

१६ नोव्हेंबर
बसलो शेवटी. रंग खाली आणला. खळी काढली. कान शोभाचे, जरा बाहेर आलेले. नाक माझं, नाइलाज. मिशी दिली, जास्त झाली, कमी केली. उंबऱ्यावर पडला होता, ती भुवईवरची खूण... वय वाढलं की खूण वर सरकते की तिथेच राहते? कोणाला विचारणार. तिथेच ठेवली.

आणि एकदम तो आला. बघायलाच लागला माझ्याकडे.

तीस वर्षं लोकांना 'हनुवटी खाली, खांदे सैल' सांगत आलो. इतकं चांगलं पोर्ट्रेट हातून झालं नाही. आणि समोर कोणी बसलेलंच नव्हतं. शटर ओढून खूप रडलो.

१७ नोव्हेंबर
शोभाने बघितला. पदराने स्क्रीन पुसली. मोठा प्रिंट मागितला. हार आणू का म्हटलं, तर अंगावरच आली. "जित्या मानसाले हार घालतेत का?"

२५ नोव्हेंबर
सकाळी बघतो तर हर्षल दुकानाच्या शोकेसमध्ये. मधोमध. नवरा-नवरीची जोडी बाजूला सारलेली. काढायला गेलो.

"राहू द्या ना. येनारे-जानारे दिसतेत त्याले."

ठेवला. आमच्या लाखनीतले जुने लोक बघतात आणि मान खाली घालून पुढे जातात. शहापूरच्या एका गिऱ्हाइकाने विचारलं, "पोरगा का तुमचा?" हो म्हणालो. यात खोटं काय होतं? तरी दिवसभर कामात लक्ष नव्हतं.

८ डिसेंबर
आमच्या या काचेने पूर्वी लग्नं जुळवली आहेत. चांगली मुलगी शोकेसमध्ये लागली की महिनाभरात कोणी तरी पत्ता विचारत यायचा. त्याच काचेने आज घात केला.

सिहोऱ्याचे एक गृहस्थ, सोबत बायको. धानाची शेती, लाखनीत पाहुणपणाला आलेले. साधी माणसं. "पोरगा पाह्यला तुमचा. नाक तं तुमचंच घेतलं त्यानं! आमची पोरगी बीएस्सी झाली. काय करते पोरगा?"

बोलली शोभा.

"नागपूरले आहे."

खोटं नाही तसं. तिथेच ठेवून आलो आम्ही त्याला.

मग तिने त्यांना घरी नेलं. पोहे केले, वर चहा. मुलीचं नाव विचारलं, स्वभाव विचारला, थंडी सोसते का तेसुद्धा. मी नुसता बशीकडे बघत बसलो. मुलीचा फोटो तिने दोन्ही हातांनी घेतला. निघताना ते म्हणाले, "पोराचा एक उभा फोटो द्या जी. घरी सगळ्याइले दाखवतो."

"देऊ," शोभा म्हणाली.

९ डिसेंबर
भांडलो. लग्नानंतर इतका आवाज चढवला नव्हता. "लोकांची पोरगी आहे ती! तिनं काय बिघडवलं आपलं?"

"मले समजते. येडी नाई मी," ती म्हणाली. मुलीचा फोटो मांडीवर उपडा ठेवला. "दोन दिस सासू होऊ द्या ना मले. मंग या सांगून."



११ डिसेंबर
सकाळी सिहोऱ्याला जायला गाडी काढली. असलं फोनवर सांगू नये. शोभा दारात.

"सांगाले जाऊन राहिले?"

हो म्हटलं.

"जा. पन पहिले उभा फोटो बनवा. त्याइले नका देऊ. मले पाहू द्या."

गाडी तशीच वळवली, ती मागे बसली. दुकानात आलो. कॉम्प्युटर लावला, चेहरा घेतला. खाली अंग द्यायचं, हात, पाय. शोकेसमधल्या फोटोत तो छातीपर्यंतच होता, तेव्हा हा प्रश्न पडला नव्हता.

"उंची किती ठेवू?" मी विचारलं.

शोभाने मला खुर्चीवरून उठवलं. गिऱ्हाइकाला उभं करतो तिथे, पडद्यासमोर उभं केलं. जवळ आली, टाचा उचलल्या आणि माझ्या डोक्याच्या वर, चार बोटं वर, हात आडवा धरला.

"इतका."

तिने हात खाली घेतला नाही, मीही हललो नाही. सिहोऱ्याचा फोन दोनदा येऊन गेला.