दोन अर्धी पाकिटं

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला आता डोळे मिटावे लागतात. पण सुरतेत, कतारगामच्या कारखान्यात तुम्ही लावलेली एक सवय हाताला अजून आहे. कारागिरांना कच्च्या हिऱ्यांची पाकिटं वाटायला मी बसले, त्या पहिल्याच दिवशी तुम्ही माझ्यावर डाफरलात. माल संपला म्हणून एक कारागीर घंटीपुढे, पैलू पाडायच्या चाकापुढे, नुसता बसून होता. तुम्ही दोन अर्धी पाकिटं उचललीत, एका मापाचे खडे एकत्र केलेत आणि म्हणालात, "रिकामा बसलेला माणूस घरी तोंड लपवत जातो. हिरा कुठल्या देशाचा, हे कोण विचारतंय?"

आता विचारतात, आबा. युरोपातल्या देशांच्या संघाचं शेजारच्या रशियाशी फाटलंय. युद्ध तिकडे, आणि रशियाच्या खाणीतला हिरा सुरतेत घासला तरी घ्यायचा नाही, असा त्यांचा नियम. प्रत्येक पाकिटावर देश लिहायचा, मिसळायचं नाही. मला हे सगळं पाठ आहे. तरीही तुमच्या शेजारच्या घंटीवरचे काका सकाळपासून रिकामे दिसले आणि मी दोन अर्धी पाकिटं एक केली. एक आफ्रिकेचं, एक रशियाचं. पुढे तपासणीत वजनं जुळली नाहीत, युरोपची अख्खी मागणी रद्द झाली आणि मालक खाली आले. हे कुणी केलं, एवढंच त्यांनी विचारलं. काका उठले. चूक माझी, नजर कमी झालीय, खडे माझ्याकडून मिसळले, म्हणाले. मी वजनकाट्याकडे बघत राहिले. उभं आयुष्य त्या घंटीवर काढलेल्या माणसाला मालकांनी दुपारच्या चहाआधी घरी पाठवलं. दारात डबा हातात घेऊन ते थांबले होते. मी बोलायला तोंड उघडलं तर अहिराणीत म्हणाले, "तू गप ऱ्हाय, माय. मनं आते काय ऱ्हायनं?"

फार रडले, पण मालकांकडे गेले नाही. घरात सांगितलं की काकांनी वयामुळे काम सोडलं.

हा कागद मी कुठेच पाठवणार नाही. तुम्हाला लिहिणं सोपं आहे. काका इथेच डिंडोलीत, आमच्यापासून तिसऱ्या गल्लीत राहतात. भाजीला जाताना मी लांबच्या रस्त्याने जाते.